कल्पित जगातली नगरराज्यं: अस्त शोधण्याआधी उदय तपासा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कादंबरीच्या जगात तुम्ही ९ नगरराज्यं, म्हणजे आपला कारभार आपण चालवणारी शहरं, वसवली आहेत. कथेच्या आधीचा ४०० वर्षांचा इतिहास लिहायला घेतलात आणि तिसऱ्या-चौथ्या शहरापाशी अडलात, कारण प्रत्येक शहर एक तर युद्धात हरतं, नाहीतर एखादा नालायक राज्यकर्ता ते बुडवतो. लिहिलेलं वाचल्यावर ते तुमचं तुम्हालाच पटत नाही. म्हणून तुम्ही विचारता आहात, की नगरराज्य पडण्याची पटण्यासारखी कारणं कोणती आणि असं राज्य साधारण किती वर्षं टिकतं.

तुम्ही सोबत दिलेली टिपणं वाचली. माझ्या मते अडचण पडण्यात नाहीच. वेळणा हे बंदर, ताम्रघळ हे खाणीचं शहर, सातवेशी हे नदीकाठचं शहर. तिन्हींची वर्णनं सुरेख आहेत. पण त्यांच्या उदयाबद्दल तुम्ही एकच वाक्य फिरवून फिरवून लिहिलंय: व्यापारामुळं भरभराट झाली. कुणाच्या व्यापारामुळं? कसला माल? तो याच शहरात का उतरला, चार कोस पुढं का गेला नाही? याची उत्तरं नसतील तर शहर कशानं पडेल हेही सुचत नाही आणि मग हाताशी युद्ध आणि वेडा राजा एवढंच उरतं. शहर ज्या गोष्टीच्या जोरावर उभं राहतं, तीच गोष्ट एक दिवस सरते, जागा बदलते किंवा दुसऱ्याच्या हाती जाते. उदयाचं कारण नेमकं ठरलं की अस्ताची निम्मी कथा हाती येते.

माझं काम अशी जगं रचण्याचं आहे. काही माझ्या कादंबऱ्यांसाठी, काही इतरांच्या खेळांसाठी. त्यामुळं पुढचं सगळं त्या कामातून आलेलं आहे. खऱ्या इतिहासातल्या नगरराज्यांकडं मी एकाच हेतूनं बघते: इथं काय कशाला जोडलेलं होतं, आणि ती जोडणी माझ्या जगात बसेल का?

किती वर्षं टिकावं, याला एक आकडा नाही. आजच्या मलेशियातलं मलाक्का बंदर १४०० च्या सुमारास वसलं आणि १५११ मध्ये पोर्तुगिजांनी घेतलं, म्हणजे जेमतेम शतकभर. रागुसा, आजच्या क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक, १३५८ पासून १८०८ पर्यंत, साडेचारशे वर्षं आपला कारभार आपण बघत राहिलं. व्हेनिस तर हजार वर्षांहून अधिक काळ टिकून १७९७ मध्ये नेपोलियनपुढं संपलं. म्हणजे ४०० वर्षांच्या तुमच्या कालरेषेत एखादं शहर तीनदा मालक बदलेल आणि दुसरं पहिल्यापासून शेवटपर्यंत तसंच राहील, दोन्ही पटण्यासारखं आहे. ते ठरतं शेजारी कोण आहेत यावर, अंतरांवर आणि तुमच्या जगात जादू किती आहे यावर.

जादूबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं. तुमच्या टिपणात एक ओळ आहे, की दीपधारी मांत्रिक कितीही लांबचा निरोप क्षणात पोचवतात. ही ओळ सगळी रचना हलवते. जुन्या जगात बातमी माणसाच्या, घोड्याच्या किंवा जहाजाच्या वेगानं जायची. एका बंदरात माल स्वस्त झाल्याची खबर दुसऱ्या बंदरात पोचायला महिने लागत आणि त्या महिन्यांवर व्यापारी कमवायचा. मोठ्या राज्यांचीही तीच अडचण होती. राजधानीतून सुटलेला हुकूम सीमेवर पोचेपर्यंत तिथली परिस्थिती पालटलेली असे, म्हणून लांबच्या शहरांना मोकळीक द्यावी लागे. निरोप क्षणात जाऊ लागले की व्यापाऱ्याचा नफा आटतो आणि सम्राटाचा हात लांबवर पोचतो. अशा जगात ९ स्वतंत्र शहरं टिकणं अवघड आहे. मांत्रिक काढून टाका असं मी म्हणत नाही. त्यांची विद्या फार महाग करा, किंवा ती मोजक्या ठिकाणीच चालते असं ठरवा. मग ज्या शहरांत ती ठिकाणं आहेत ती आपोआप मोठी होतील आणि उदयाचं एक कारण तुम्हाला खास तुमच्या जगातलं मिळेल.

आता मूळ मुद्द्याकडं. प्रत्येक शहराला मी पहिला प्रश्न पोटाचा विचारते. माणशी वर्षाला साधारण २०० किलो धान्य धरा. ५०,००० वस्तीला १०,००० टन लागेल. एका बैलगाडीत अर्धा टन म्हटलं तर वर्षाला २०,००० गाड्या, म्हणजे रोज ५५, पावसाळ्यातला चिखल न धरता. शेतकरी जे पिकवतो त्यातलं बहुतेक त्याच्याच घरात खपतं. दहा शेतकरी मिळून बाहेरच्या एकाचं पोट भरतात असं धरलं, तर या शहरामागं ५ लाख शेतकरी लोकसंख्या हवी. एवढा मुलूख शहराच्या ताब्यात असेल तर ते नगरराज्य उरत नाही, छोटं साम्राज्य होतं. ताब्यात नसेल तर धान्य विकत आणायचं, आणि तेही शक्यतो पाण्यावरून, कारण लांबच्या वाटेवर बैलांच्या वैरणीतच नफा संपतो. मोठी नगरराज्यं समुद्राकाठी, खाडीत, नदीच्या मुखाशी जास्त दिसतात त्यामागं हे एक साधं कारण आहे.

हा हिशेब करा म्हणजे शहराची मान कुणाच्या हातात आहे ते दिसेल. अथेन्सचं धान्य मोठ्या प्रमाणात काळ्या समुद्राच्या बाजूनं, हेलेस्पाँटच्या अरुंद सामुद्रधुनीतून यायचं. इ.स.पू. ४०५ मध्ये त्याच सामुद्रधुनीत, इगोस्पोटामीला, स्पार्टाच्या लायसँडर या सेनापतीनं अथेन्सचं आरमार पकडलं. पुढच्या वर्षी शहर शरण गेलं. तटबंदी कुणी फोडली नाही. आत धान्य उरलं नव्हतं. रशियाच्या उत्तरेकडचं नोव्हगोरोद फरच्या व्यापारावर श्रीमंत झालं, पण तिथली जमीन आणि हवा शेतीला कंजूस, त्यामुळं टंचाईच्या वर्षी आग्नेयेकडच्या संस्थानांतून येणाऱ्या धान्याकडं डोळे लागायचे. ती वाट अडवली की नोव्हगोरोदला तडजोड करावी लागे. तो मुलूख पुढं मॉस्कोकडं गेला आणि १४७८ मध्ये तिसऱ्या इव्हाननं शहराचं स्वातंत्र्य संपवलं. नागरिकांच्या सभेला बोलावणारी घंटासुद्धा तो मॉस्कोला घेऊन गेला. युद्ध दोन्हीकडं झालंच. पण वाचकाला जर ती सामुद्रधुनी, ती धान्याची वाट आधीच्या प्रकरणांतून माहीत असेल, तर युद्ध आकाशातून पडल्यासारखं वाटणार नाही.

दुसरा प्रश्न: लोक इथंच का थांबतात? यासाठी मलाक्का बघाच, कारण तुमच्या वेळण्याला ते फार जवळचं आहे. मलाक्का सामुद्रधुनीत दोन बाजूंचे मोसमी वारे भेटतात. पश्चिमेकडून आलेली गुजरातची, बंगालची जहाजं एका वाऱ्यावर यायची, चीनची आणि जावाची दुसऱ्या. परतीचा वारा सुटेपर्यंत थांबणं भाग. थांबायचं म्हणजे वखार हवी, पाणी हवं, चोरीची भीती नको, आणि भांडण झालं तर ऐकून घेणारा कुणीतरी हवा. मलाक्कानं नेमकं हेच दिलं. निरनिराळ्या प्रदेशांच्या व्यापाऱ्यांसाठी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले होते, सागरी व्यवहाराचे कायदे होते, जकातीचे दर माहीत असायचे. जागा निसर्गानं दिली होती, पण तशा जागा त्या किनाऱ्यावर आणखीही होत्या. व्यापारी मलाक्कात थांबत ते या भरवशापायी.

म्हणूनच तिथला अस्त इतका बोलका आहे. पोर्तुगिजांनी १५११ मध्ये शहर जिंकलं तेव्हा त्यांना वाटलं, व्यापार हाती आला. तट, बंदर, जागा, सगळं मिळालं. भरवसा मिळाला नाही. मुसलमान व्यापाऱ्यांपैकी पुष्कळांनी सुमात्रातल्या आचेची वाट धरली, हळूहळू जोहोर आणि बांतेन ही बंदरं वर आली, जुनी वर्दळ अनेक बंदरांत वाटली गेली. तुमच्या कथेत एखाद्या सेनापतीला वेळणा जिंकून हातात रिकाम्या वखारी आलेल्या दाखवायच्या असतील, तर नमुना इथं आहे.

खाणीच्या शहरांबद्दल थोडक्यात सांगते. खाण संपते, एवढंच बहुतेकजण लिहितात. त्याआधीचं जास्त महत्त्वाचं असतं: खाणीतला पैसा कशात घातला? अथेन्सजवळच्या लॉरियनला चांदीची मोठी शीर सापडली तेव्हा, इ.स.पू. ४८३ च्या सुमारास, ती चांदी नागरिकांत वाटून टाकावी असा विचार होता. थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्यानं सभेला पटवून ती जहाजांवर खर्च करायला लावली. तीनच वर्षांत सालामिसला त्या जहाजांनी पर्शियाचं आरमार रोखलं आणि पुढं अथेन्सची सागरी सत्ता त्यांच्यावरच उभी राहिली. तुमच्या ताम्रघळनं तांब्याच्या पैशाचं काय केलं, हे ठरवा. देवळं बांधली, भाडोत्री सैन्य ठेवलं, की खालच्या खोऱ्यातली शेतजमीन विकत घेतली? या तीन निवडींतून तीन वेगळी शहरं निघतात.

आता मला ज्यात सगळ्यात जास्त रस आहे ते सांगते. पटणारा ऱ्हास लिहायचा असेल तर प्रत्येक पायरीवरचा निर्णय, तो घेणाऱ्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर शहाणपणाचाच दिसायला हवा. मूर्ख राजा वाचकाला पटत नाही तो यामुळंच. त्याच्याकडं कारणच नसतं.

व्हेनिसचं बघा. सुरुवातीच्या शतकांत तिथं अंगात धमक असलेल्या पण खिशात पैसा नसलेल्या तरुणाला एक वाट होती. पैसेवाला भांडवल द्यायचा, हा जहाजावर जायचा, परतल्यावर नफ्याचा चौथा हिस्सा याचा. चार-दोन सफरी नीट झाल्या की हाच पैसेवाला व्हायचा आणि त्याच्या घराण्याला राज्याच्या थोरल्या सभेत जागा मिळू शकायची. १२९७ मध्ये सभेचे नियम बदलले. त्या वेळी सभासदांची संख्या वाढली, पुष्कळ घराणी आत घेतली गेली; पण त्यानंतर दार जवळजवळ बंद झालं आणि सभासदत्व जन्मानं मिळू लागलं. निर्णय घेणाऱ्यांच्या बाजूनं विचार करा. इटलीतली कितीतरी शहरं तेव्हा घराण्यांच्या भांडणांत एकेका हुकूमशहाच्या हाती जात होती. व्हेनिसला ते टाळायचं होतं, आणि त्यांनी ते टाळलंही. पुढची ५०० वर्षं तिथं राज्य उलथलं नाही. पण किंमत चुकवावी लागली. नव्या माणसाला वर यायची जी वाट होती ती अरुंद होत गेली, आणि व्यापाऱ्यांचे नातू मुख्य भूमीवरच्या जमीनजुमल्याच्या उत्पन्नावर जगणारे सरदार झाले.

स्पार्टाचा हिशेब तर आकड्यांतच वाचता येतो. पूर्ण नागरिक राहायचं तर प्रत्येकानं सामुदायिक भोजनाला आपल्या जमिनीतून ठरलेला वाटा द्यायचा. वाटा देता आला नाही की नागरिकत्वाचे पूर्ण हक्क जायचे. नियम कडक आणि समानतेचा वाटतो. पण जमीन वारसा आणि लग्नांमधून थोड्या घराण्यांकडं गोळा होत गेली, आणि वाटा न परवडणारे वाढत गेले. इ.स.पू. ४७९ मध्ये प्लाटीयाच्या लढाईत ५,००० स्पार्टन नागरिक उतरल्याचं हेरोडोटस सांगतो. इ.स.पू. ३७१ मध्ये लूक्त्राला होते ७०० च्या आसपास, आणि त्यातले ४०० त्या एका दिवसात पडले. लूक्त्राची लढाई स्पार्टा एका दिवसात हरलं. माणसं मात्र त्याआधी शंभर वर्षं कमी होत होती. बाहेरच्यांना नागरिक करून घेतलं असतं तर? रोमनं तेच केलं. इ.स.पू. ९० मध्ये इटलीतल्या दोस्तांना नागरिकत्व देऊ केलं. मात्र त्यानंतर रोम हे नगरराज्य उरलं नाही. नगरराज्यापुढचा हा पेच मला फार मोलाचा वाटतो: आपल्यातलं कोण आणि बाहेरचं कोण, ही रेघ घट्ट ठेवली तर माणसं कमी पडतात, सैल केली तर शहराचं रूपच पालटतं. तुमच्या ९ शहरांनी या पेचाची ९ वेगळी उत्तरं दिली तरी कादंबरीला पुरेल एवढं नाट्य मिळेल.

शेजाऱ्यांबद्दल तुमच्या टिपणांत जवळजवळ काहीच नाही, आणि तिथं जरा वेळ घालवा. नगरराज्यं एकटी क्वचितच असतात. ती गटानं वाढतात आणि अनेकदा गटानंच संपतात. प्राचीन इराकच्या दक्षिणेत, सुमेरमध्ये, लगाश आणि उम्मा ही शहरं सीमेवरच्या सुपीक जमिनीसाठी आणि पाटाच्या पाण्यासाठी पिढ्यानपिढ्या भांडली. शेवटी उम्माच्या लुगालझागेसीनं लगाश लुटलं, आणि थोड्याच काळात अक्कडच्या सार्गोननं लुगालझागेसीसकट सगळ्यांना एका छत्राखाली आणलं. ग्रीक शहरं एकमेकांना थकवत राहिली आणि इ.स.पू. ३३८ मध्ये कायरोनियाला मॅसिडोनियाच्या फिलिपनं अथेन्स आणि थीब्झला हरवलं. इटलीत १४५४ च्या लोदीच्या तहानंतर पाच मोठ्या सत्तांनी एकमेकांना तोलून धरलं होतं. १४९४ मध्ये फ्रान्सचा आठवा चार्ल्स नव्या धाटणीच्या तोफा घेऊन आल्प्स ओलांडून आला आणि तो तोल गेला. त्याला बोलावण्यात मिलानचा हात होता. वैशालीच्या वज्जी या गणराज्यातल्या लोकांबद्दल बौद्ध परंपरा सांगते, की ते एकत्र जमून एकमतानं निर्णय घेत तोवर मगधाच्या अजातशत्रू राजाला त्यांच्यावर चालून जाणं शक्य वाटत नव्हतं. मग त्याच्या वस्सकार या अमात्यानं त्यांच्यात राहून फूट पाडली.

यातून काम करताना उपयोगी पडणारा प्रश्न असा निघतो: तुमच्या नकाशावर अजून कुणी मोठं राज्य का नाही? डोंगर आडवे आहेत? दोन साम्राज्यांना मध्ये एक तटस्थ बाजारपेठ हवी आहे? रागुसा असंच जगलं. ऑटोमन सुलतानाला दरवर्षी खंडणी द्यायची, ख्रिस्ती सत्तांशीही सलोखा ठेवायचा, आणि दोघांनाही आपण उपयोगी राहायचं. उत्तर काहीही असो, ते एक दिवस बदलू शकतं. दोन साम्राज्यांपैकी एक कोसळलं किंवा दोघांत कायमचा तह झाला, की मधल्या शहराची गरज संपते. शहराच्या आत कुणीही काहीही चुकीचं केलेलं नसताना असा अस्त होतो, आणि नऊपैकी एखादं शहर तरी असं पडावं असं मला वाटतं.

ताब्यातल्या किंवा कोंडून ठेवलेल्या लहान शहरांनाही विसरू नका. मेक्सिकोतल्या अॅझ्टेकांच्या राजधानीच्या, तेनोच्तित्लानच्या, पाडावाची कथा बाहेरून आलेल्या मूठभर स्पॅनिशांची म्हणून सांगितली जाते, पण १५१९ ते १५२१ त्यांच्या बाजूनं हजारोंनी लढले ते त्लाश्कालाचे आणि इतर शहरांचे लोक. वर्षानुवर्षं वेढून ठेवलेल्या शेजाऱ्याचा राग हा तयार दारूगोळा असतो.

काळाबद्दल एक गोष्ट. कारण आणि परिणाम यांमध्ये भरपूर अंतर ठेवा, आणि त्या अंतरात एक सुखाचा काळ घाला. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला तेव्हा व्हेनिसमध्ये घबराट झाली होती. पण सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तांबड्या समुद्राच्या जुन्या वाटेनं मिरी पुन्हा मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. व्हेनिसमधला रिआल्तोचा दगडी पूल १५९१ मध्ये पूर्ण झाला. त्या पुलावरून जाणाऱ्या माणसाला आपण उतरणीला लागलोय असं कुणी सांगितलं असतं तर त्यानं विश्वास ठेवला नसता. खरा घाव पुढच्या शतकात बसला, डच ईस्ट इंडिया कंपनीनं तो व्यापार मुळातूनच ताब्यात घेतला तेव्हा. संकट आलं, टळलं, लोकांनी सुटकेचा श्वास टाकला आणि सवयी बदलल्या नाहीत: हा मधला टप्पा कल्पित इतिहासांत बहुतेकदा नसतो, आणि तो नसल्यामुळंच ऱ्हास घाईचा वाटतो.

थोडक्यात, प्रत्येक शहरासाठी मी चार गोष्टी लिहून काढते: धान्य कुठून येतं, लोक इथंच का थांबतात, आपल्यात कुणाला घेतात, आणि शेजारी त्याला अजून गिळत का नाही. मग यातली एक हलवते आणि उरलेल्या तिन्हींचं काय होतं ते बघत बसते.

तुमच्या तीन शहरांवर करून दाखवते. वर्षं तुमच्या कालरेषेतली धरा, हवी तशी बदला.

वर्ष ४० च्या आसपास वेळण्याच्या खाडीत जहाजं वाऱ्यासाठी थांबू लागतात. खाडीचं मुख अवघड आहे, खडकांमधून जहाज आत आणायला स्थानिक कोळी वाटाडे लागतात. त्यांची श्रेणी, म्हणजे धंद्याची संघटना, बनते आणि तीच शहराची पहिली पंचायत होते. ताम्रघळचं तांबं सातवेशीमार्गे नदीनं खाली येतं, त्याच नावांतून धान्यही. वर्ष १२० पर्यंत तिन्ही शहरं सुखात. तांबं गाळायला कोळसा लागतो, वेळण्याच्या गोदीला लाकूड लागतं. दोन्हींसाठी नदीच्या वरच्या अंगाची रानं तुटतात. कुणी काही वाईट करत नाहीये, उलट सगळ्यांना काम आहे.

वर्ष १७० पर्यंत उघड्या पडलेल्या उतारांवरची माती नदीतून खाडीत येऊन बसू लागते. खरं जग यात तुमच्या पाठीशी आहे. आजच्या तुर्कस्तानातलं मिलेटस हे एके काळचं मोठं बंदर मिअँडर नदीच्या गाळामुळं आज समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत आहे. व्हेनिसनं आपली खाडी गाळानं भरू नये म्हणून नद्यांची मुखंच वळवली. वेळण्याची पंचायत गाळ काढायला पट्टी बसवते. जकात वाढते. मोठी जहाजं आत येण्याऐवजी खाडीबाहेरच्या बेटावर माल उतरवतात आणि तिथून तो पडावांनी, म्हणजे माल वाहणाऱ्या लहान नावांनी, शहरात येतो. पडाव कुणाचे? पंचायतीतल्या घराण्यांचे, कारण नावा त्यांच्याकडंच होत्या. बेटावरच्या वखारीही त्यांच्याच. वर्ष २२० पर्यंत अशी अवस्था येते, की खाडी जितकी उथळ तितका पंचांचा नफा जास्त. गाळ काढायचा ठराव दरवर्षी मंजूर होतो, पट्टी वसूल होते, काम अर्धवट राहतं. एकाही पंचाला खलनायक करायची गरज नाही. त्यातल्या एकाला प्रामाणिकपणे वाटतं, की बेटच आता खरं बंदर आहे, आणि त्याचं म्हणणं खोटंही नाही. याच सुमारास वाटाड्यांची श्रेणी नवीन माणसं घेणं थांबवते, कारण आत येणारी जहाजं कमी आणि आहेत त्यांनाच काम पुरत नाही. ज्या कोळ्यांच्या पोरांना श्रेणीत जागा नाही ती बेटावर जातात आणि तिथं वेगळी वस्ती उभी राहते.

दरम्यान ताम्रघळला सरपण लांबून आणावं लागतं, तांबं महागतं. सातवेशीच्या लक्षात येतं, की वर तांबं अडलं, खाली बंदर अडलं, पण धान्य मात्र आपल्याच वेशीतून जातं. वर्ष २८० मध्ये खोऱ्यातला एक जमीनदार वंश सातवेशी घेतो. वर्ष ३१० मध्ये तो वेळण्याकडं जाणारी धान्याची नावं थांबवतो. वेळण्याकडं आरमार आहे, पण आरमार नदीत वर चढत नाही. शहर तीन महिन्यांत बोलणी करतं. बेट मात्र शरण जात नाही, कारण त्याला समुद्रावरून धान्य मिळतं. आणि पुढच्या ९० वर्षांत दहावं नगरराज्य म्हणून तेच वर येतं, वेळण्यातून हाकललेल्या कोळ्यांच्या नातवंडांचं.

यात युद्ध आहे, पण कारण म्हणून नाही. तीन शहरं एकमेकांना घडवतात आणि एकमेकांना मोडतात. माझ्या कामात नेहमी दिसतं, की शहरं सुटी सुटी रचली तर प्रत्येकासाठी नवं संकट शोधावं लागतं. जोडून रचली तर एकाचं सुख दुसऱ्याच्या अडचणीचं कारण बनतं आणि इतिहास पुढं सरकू लागतो.

पडल्यानंतरचंही लिहा. राज्य संपतं तेव्हा शहर संपतंच असं नाही. जिनोआनं राजकीय वजन बरंचसं गमावल्यावरही १५२८ नंतर तिथले सावकार स्पेनच्या राजाला कर्ज देऊन अफाट श्रीमंत झाले. फ्लॉरेन्समध्ये मेदिची हे सावकार घराणं १४३४ पासून, मधली काही वर्षं वगळता, सत्तेवर होतं, पण त्यांनी जुन्या सभा, जुनी पदं, चिठ्ठ्या टाकून अधिकारी निवडायची पद्धत तशीच ठेवली. फक्त चिठ्ठ्यांच्या थैलीत कुणाची नावं जाणार हे त्यांची माणसं बघत. शहर औपचारिकपणे ड्यूकच्या, म्हणजे वंशपरंपरागत राज्यकर्त्याच्या, अमलाखाली गेलं ते १५३२ मध्ये. म्हणजे जवळजवळ शतकभर प्रजासत्ताक होतंही आणि नव्हतंही. तुमच्या कथेचा नायक पंचायतीत कारकून आहे असं तुम्ही लिहिलंय. त्याला वर्ष ३१० च्या वेढ्यात उभं करण्यापेक्षा वर्ष २३० मध्ये गाळपट्टीच्या हिशेबात बसवा. त्याच्यासमोर वसुलीचे आकडे असतील, खर्चाचे असतील, आणि खाडीची खोली दर वर्षी मोजणाऱ्या माणसाचे असतील. तीन रकाने शेजारी ठेवले की त्याला सगळं कळतं, आणि ज्यांना सांगायचं त्यांच्याच घरचे पडाव चालतात. संघर्षासाठी एवढं पुरेसं आहे.

उरलेल्या सहा शहरांपैकी डोंगरातल्या दोघांचं धान्य कुठून येतं हे तुमच्या टिपणांत कुठंच नाही. आधी ते ठरवा. आणि दीपधारी मांत्रिकांची ठिकाणं नकाशावर टाकाल तेव्हा त्यातलं एक खाडीबाहेरच्या त्या बेटावर ठेवता येतं का, बघा. मग बेटाच्या उदयाला गाळाशिवाय दुसरं कारणही मिळेल.